दारात नेऊन पाहिलेला रंग

पाटीवर ‘मॅचिंग सेंटर’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याला मराठी शब्द कुणी शोधला नाही, आणि कुणाचं अडलंही नाही. विक्रोळीत टागोर नगर घ्या, कन्नमवार नगर घ्या, नाहीतर पश्चिमेचं पार्कसाइट. नवी साडी पिशवीत घालून निघालेल्या बाईला असं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं. अरुंद गाळा, छतापर्यंत कप्पे आणि त्यांत ब्लाउजचं कापड रंगाला रंग लावून रचलेलं. मोतिया, बिस्किट, केतकी, अबोली, राणी, डाळिंबी, आमसुली, वांगी करत करत नजर काळ्यापाशी पोचते. खालच्या कप्प्यांत अस्तर, परकराचं पॉपलिन आणि फॉल. काउंटरच्या काचेखाली हुक, टिचबटणं, रिळं, लेस, गोंडे, लटकन.

स्वस्त कापड हवं तर मसजिदला उतरा, असं मुंबईत कुणीही सांगेल. खरंच आहे ते. मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट यांच्यासारखे कापडबाजार देशात थोडेच असतील, आणि जवळच अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, रंग, सजावटीचं सामान मिळतं. लग्नाची खरेदी असेल, दहा-बारा ब्लाउजपीस घ्यायचे असतील, रुखवताला बरंच काही लागणार असेल, तर तिकडेच जावं. पण विक्रोळीला जलद गाडी थांबत नाही. धीम्या लोकलनं जाऊन-येऊन दीड तास, वर गर्दीतली पायपीट. आणि रविवारी, घरच्या माणसाला सुट्टी असते नेमकी तेव्हा, मंगलदास बंद. एका ब्लाउजसाठी एवढा खटाटोप केला, तर मीटरमागे वाचलेले रुपये वाटेतच संपतात.

माझं ठाम मत आहे की स्वस्ताई भावात असते त्याहून जास्त मापात असते. मॅचिंग सेंटरवाला ऐंशी सेंटिमीटर फाडून देतो. अंगानं भरलेली बाई असेल, बाही लांब हवी असेल, तर स्वतःच म्हणतो, “ताई, मीटर घ्या, नाहीतर टेलर परत पाठवेल.” चार हुकांसाठी अख्खं पाकीट गळ्यात मारत नाही. लेस अर्धा मीटरही मिळते. गोदरेजसारख्या कारखान्यांच्या पगारावर उभ्या राहिलेल्या या वस्तीत अनेक घरांत शिलाई मशीन होतं, आणि फॉल-पिकोच्या पैशावर कितीतरी मुलांची वह्या-पुस्तकं आली. त्या बायकांना घाऊक बाजारापेक्षा हे दुकान जवळचं होतं.

खरं कसब रंग जुळवण्यात. माझ्या आईबरोबर मी असंख्य वेळा या काउंटरला टेकून उभा राहिलोय. एकदा चिंतामणी रंगाची साडी होती. दुकानदारानं पदर उलगडला, एक नजर टाकली आणि शिडीवर चढून तीन घड्या काढल्या. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारख्याच. मग तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला, साडी आणि तिन्ही घड्या घेऊन दारात, उन्हाच्या कडेला उभा राहिला. एक घडी हिरवट निघाली, दुसरी मळकट. तिसरी साडीवर ठेवली आणि तिची कडच दिसेनाशी झाली.

यामागे साधं विज्ञान आहे. साडी एका रंगद्रव्यानं रंगवलेली असते, ब्लाउजचं कापड दुसऱ्याच. एका प्रकाशात डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण ऊन आणि ट्यूब यांच्यातलं रंगांचं मिश्रण वेगळं असल्यानं दुसऱ्या प्रकाशात फरक उघडा पडतो. पोत वेगळा असला की आणखी घोळ. म्हणून संध्याकाळी दिवे लागल्यावर मॅचिंगला जाऊ नये, असं आई सांगायची.

या कप्प्यांचा राजा म्हणजे टू बाय टू रुबिया. उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांत दोन-दोन तंतू पीळ देऊन एकत्र केलेले असतात, म्हणून इतकं तलम कापडही शिवणीवर उसवत नाही. एके काळी मफतलालसारख्या गिरण्यांची रुबिया नाव घेऊन मागितली जायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली, आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. कप्पे मात्र रिकामे राहिले नाहीत. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांनी साधं कापड पुरवलं. त्या गिरण्यांची आठवण विक्रोळीहून मसजिदला जाताना करी रोड-चिंचपोकळीला खिडकीतून अजून येते, आणि मला ती दरवेळी टोचते.

नव्यानं शिवायला लागलेल्यांसाठी दोन गोष्टी. सुती अस्तर आणि सुती फॉल आधी रात्रभर भिजत घालून वाळवा. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. दुसरं, मीटर मागण्याआधी पन्हा विचारा. पन्हा मोठा असेल तर कमी कापडात बाही निघते आणि पैसे वाचतात. माप मीटरचं झालं तरी साडी अजून नऊवारीच म्हणवते. वार म्हणजे छत्तीस इंच, हे काउंटरवर आजही तोंडपाठ असतं.

उरलेल्या तुकड्यांचीही सोय असते. तागा संपताना राहिलेले कटपीस एका टोपलीत टाकलेले असतात. गणपतीच्या आधी बायका ती टोपली खालपर्यंत उपसतात. सॅटिनचा पट्टा मखराला, खणाचा तुकडा तोरणाला, रंगीत चिंध्या गोधडीला. दुकानदार त्यांना काही विचारत नाही. हातात राहिलेल्या तुकड्यांची घडी मोजतो आणि अंदाजानं रक्कम सांगतो.

त्या दिवशी आईनं चिंतामणी कापड मीटरभर घेतलं. दुकानदारानं कापडाला कात्रीनं एक छोटी चीर दिली, दोन्ही हातांनी ओढलं, आणि सरळ धाग्यावर कापड फाटल्याचा तो आवाज गाळ्याबाहेर रस्त्यापर्यंत आला.