पाटीवरचे शब्द आणि रंगवणाऱ्याच्या मनातले

कायद्याचा शब्दनिष्ठ अन्वयार्थ (मजकुराच्या सर्वसामान्य अर्थावर विसंबून निकाल देणे) म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते शोधणे, असा समज सर्रास आढळतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सोसायटीच्या जिन्याखाली पाटी असते: ‘येथे वाहने लावू नयेत.’ ती रंगवली तेव्हा डोळ्यांसमोर पेट्रोलच्या स्कूटरी होत्या. आज कोणी इलेक्ट्रिक स्कूटर लावली, तरी पाटी लागू होतेच.

अमेरिकेचा १९६४चा नागरी हक्क कायदा नोकरीत ‘लिंगामुळे’ भेदभाव करण्यास मनाई करतो. तेव्हा समलिंगी कर्मचाऱ्यांचा विचार फारसा कोणी केला नव्हता. पुढे जॉर्जियातील क्लेटन काउंटीचा एक कर्मचारी समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळू लागला आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या, म्हणजे बॉस्टॉकच्या, खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी अशा कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले. निकालपत्र लिहिले ते पुराणमतवादी म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी. त्यांचा मुद्दा स्वच्छ होता: पुरुषावर प्रेम करणारी स्त्री कामावर राहते आणि तसाच पुरुष काढला जातो, तर फरक लिंगाचाच.

शब्दनिष्ठ पद्धत नेहमी परंपरेच्याच पारड्यात वजन टाकते, हेही म्हणून खरे नाही. मात्र शब्दांवरून एकमत होतेच असेही नाही. विरोधातल्या तिन्ही न्यायमूर्तींनी त्याच मजकुराचा आधार घेतला होता.