जबडा का उघडत नाही?

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रोग्यास पहिली सूचना मिळते ती 'तोंड उघडा' अशी. काही रोग्यांना नेमकी हीच सूचना पाळता येत नाही. कोणाच्या कानापुढे कळ येते, कोणाचा जबडा 'कट्' असा आवाज करून अडतो, तर कोणाच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. वरवर पाहता तक्रार एकच. परंतु तिची कारणे अनेक आहेत. कारण ओळखण्यात चूक झाली, तर निरोगी दात गमावण्याची किंवा अधिक गंभीर रोग नजरेआड होण्याची पाळी येते.

कानाच्या छिद्राच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे व मिटावे. बोटाखाली जे हलते, ते खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक होय. कवटीच्या शंखास्थीतील उथळ खाचेत ते बसते, आणि दोहोंमध्ये तंतुमय ऊतीची चिवट चकती असते. तोंड उघडू लागताच हे टोक प्रथम जागच्या जागी फिरते व नंतर चकतीसह पुढे घसरते. शिवाय उजवा व डावा असे दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एकाचे दुखणे दुसऱ्यालाही भोगावे लागते.

चकती पुढे सरकली, की टोक तिच्याखाली परत शिरताना आवाज होतो. वेदना नसेल, तर नुसत्या आवाजावर उपचाराची गरज नसते. चकती वाटेतच अडून राहिली, तर मात्र तोंड पुरते उघडत नाही. सांधा झिजला असेल, तर वाळू चुरडल्यासारखी करकर जाणवते. तथापि बहुसंख्य रोग्यांचे दुखणे सांध्यात नसून चर्वणाच्या स्नायूंत असते. झोपेत दात खाणे, मानसिक ताणामुळे दात आवळून धरणे, हनुवटीवर बसलेला मार ही त्याची काही कारणे होत.

१९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे वैद्य जेम्स कॉस्टेन यांनी या भागातील दुखण्याचा संबंध पडलेल्या दाढा व त्यामुळे खचलेला जबडा यांच्याशी लावला. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी ही उपपत्ती खोडून काढली. पण तिच्या प्रभावाने दात घासून दंतपंक्तींची बैठक बदलण्याचे उपचार दीर्घकाळ चालू राहिले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही, ही त्यातील अडचण.

म्हणून आज परीक्षा क्रमाने केली जाते. दुखणे केव्हा सुरू झाले व कशाने वाढते, हे वैद्य विचारतो. स्नायू व सांधे चाचपतो. जबडा एका बाजूस वळतो काय, हे पाहतो. आणि पुढच्या दातांमधील अंतर मोजतो. प्रौढ माणसात ते सामान्यतः ४० मिलिमीटर किंवा अधिक भरते. अक्कलदाढेजवळील सूज व धनुर्वात यांनीही तोंड मिटते, हे त्याला विसरून चालत नाही. हाडासाठी क्ष-किरणचित्र आणि चकतीसाठी चुंबकीय अनुस्पंदन चित्रण उपयोगी पडते.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते; ती म्हणजे गालाचे आतील अस्तर. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्यातील तंतुमयता ओळखली. या विकारात अस्तर फिकट व ताठर होते, गालात दोरीसारखे पट्टे हातास लागतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. सांधा निर्दोष असतो; दोष सुपारीचा असतो. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांपैकी पाचांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये व कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु सुपारी मुंबईपासून बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीपर्यंत कोठेही सहज मिळते.

खऱ्या सांधेविकारात उपचाराचा आरंभ सौम्य असावा. मऊ आहार, गरम शेक, मोठी जांभई टाळणे, वेदनाशामक औषध, सोपे व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची काढघालीची पट्टी एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. अडलेल्या सांध्यात सुया घालून तो द्रवाने धुण्याची पद्धत १९९१ मध्ये इस्रायलमधील डोरिट नित्झान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. घाईच्या शस्त्रक्रियेचा धडा अमेरिकेने घेतला आहे. १९८० नंतर तेथे हजारो सांध्यांत चकतीऐवजी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम भाग बसविण्यात आले. ते झिजून त्यांच्या कणांनी आसपासचे हाड पोखरले, आणि १९९०-९१ मध्ये ते परत मागवावे लागले.

अर्थात शस्त्रक्रिया सदैव वर्ज्य नव्हे. हनुवटीवर पडलेल्या मुलाचा सांधा कधी कधी हाडाने जखडून जातो. त्याच्या जबड्याची वाढ खुंटते व त्यास नीट जेवताही येत नाही. तेथे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते, आणि विलंब घातक ठरतो.

आपली तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावतात की नाही, हे कोणासही घरी पाहता येते. ती मावेनाशी झाली, तर दंतवैद्याकडे जावे. आणि सुपारीची सवय असेल, तर ती त्याच दिवशी सोडावी व वैद्यापासून लपवू नये.