आश्विनी पौर्णिमेचे दिवे

आपल्याकडे कोजागिरीचे दूध आटत असते, त्याच पौर्णिमेस ब्रह्मदेशात दिव्यांचा सण असतो. तिकडे त्याला थडिंज्युत म्हणतात. तावतिंस स्वर्गात मातेला अभिधम्म सांगून भगवान बुद्ध या दिवशी पृथ्वीवर उतरले, अशी तेथील श्रद्धा. त्यांच्या वाटेवर उजेड हवा म्हणून घरे, रस्ते, पॅगोडे दिव्यांनी उजळतात. तरुण मंडळी वडीलधाऱ्यांना वंदन करून क्षमा मागतात. पुढे महिनाभर भिक्खूंना चीवरदान चालते. कार्तिकी पौर्णिमेस तर रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यात स्त्रिया रात्रभर माग चालवून पहाटेपर्यंत चीवर पुरे करतात.

हे फार दूरचे वाटले, तर अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या बौद्ध वस्तीत चला. आषाढी पौर्णिमेला तेथेही वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात भिक्खूंनी भ्रमंती थांबवून एके ठिकाणी राहावे, हा बुद्धकालीन नियम. पण येथे भिक्खू थोडे आणि गावे फार! मग लोकांनीच सोय काढली. भिक्खू नसला तरी ग्रंथ आहे. १९५७ साली इंग्रजीत निघालेला आणि पुढे मराठीत आलेला डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ तीन महिने संध्याकाळी विहारात वाचला जातो. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया पांढरे लुगडे नेसून बसतात. शाळेतली पोर वाचते, अक्षरओळख नसलेली आजी ऐकते. आश्विनी पौर्णिमेस समाप्ती आणि खीर.

ब्रह्मदेशाशी हा धागा जुना आहे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपुरास त्यांना दीक्षा देणारे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचेच.

एक प्रश्न मात्र उरतोच. जुने सण सोडले. पण दिवाळीत शेजारी फटाके वाजू लागले, की दारात उभ्या पोराला आईने काय सांगावे? कोणा घरी नियम कडक असतो, कोणा घरी करंजी मुकाट्याने तळली जाते. सण सोडायला एक निश्चय पुरतो. नवा सण रुजायला पिढ्या लागतात. त्याला व्याख्यान पुरत नाही. पातेलेभर खीर लागते, नवे कपडे लागतात, पोराच्या हाती एखादी पणती लागते.

ती पणती आश्विनी पौर्णिमेला लावता येते. तिला आधार उसना आणावा लागत नाही.