पहाटेचा धूमकेतू आणि चुकलेलं भाकीत

सप्टेंबर २०२४ची अखेर. सलग दोन पहाटे ढगांनी घालवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या टेकडीवर, सूर्योदयाआधी पाऊण तास, पूर्वेच्या क्षितिजालगत तो दिसला. नुसत्या डोळ्यांना नाही, बायनॉक्युलरमधून. ठळक डोकं आणि वर गेलेली शेपटी. हा त्सुचिनशान-ॲटलास, म्हणजेच सी/२०२३ ए३.

खरं तर तो दिसायलाच नको होता! जुलै २०२४ मध्ये धूमकेतूंचे जुने जाणकार झ्देनेक सेकानिना यांनी एका शोधनिबंधात लिहिलं होतं की २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळ पोचण्याआधीच हा फुटून विरून जाईल. शीर्षकातच 'अटळ' हा शब्द होता. त्यांची कारणं पोकळ नव्हती. एप्रिलच्या मध्यापासून तेज वाढायचं थांबलं होतं आणि शेपटीत ताजी धूळ दिसत नव्हती.

मग चुकलं कुठे? एक धागा भूमितीचा आहे. धूमकेतूचं दिसणारं तेज दोन गोष्टींवर ठरतं: तो किती वायू आणि धूळ सोडतोय, आणि आपण त्या धुळीकडे कोणत्या कोनातून बघतोय. एप्रिलमध्ये पृथ्वी जवळजवळ सूर्य आणि धूमकेतूच्या मधोमध होती. पौर्णिमेच्या चंद्रासारखी तेव्हा धूळ जास्तच उजळ दिसते. पुढे कोन बदलला, ती उजळणी ओसरली आणि आलेख सपाट वाटला. ९ ऑक्टोबरच्या सुमारास उलटं झालं. धूमकेतू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला. बारीक धूळ बराचसा प्रकाश पुढच्या दिशेने विखुरते, म्हणून सोहो यानाच्या कॅमेऱ्यात तो प्रचंड तेजस्वी दिसला. सिनेमागृहात प्रोजेक्टरच्या झोताकडे तोंड केलं की हवेतली धूळ चमकते, तसंच.

संशोधनाला निघालेल्या तुम्हाला सांगायचं ते एवढंच: आलेखातला बदल वस्तूत झालाय की आपल्या बघण्याच्या जागेत, हे आधी तपासा. सेकानिनांना मात्र हसू नका. त्यांनी तारखेसकट, खोटं ठरू शकेल असं विधान केलं, म्हणून तर ते तपासता आलं. 'कदाचित फुटेल, कदाचित नाही' असं लिहिणारा कधीच चुकत नाही, पण त्यातून कुणी काही शिकतही नाही.

आणि हो, त्या पहाटे मी वहीत वेळच लिहिली नाही. फोटो मात्र चाळीस काढले. तुम्ही आधी वेळ लिहा.