तारेवर बसते ती भिंगरी

गेल्या वर्षी मे महिन्यात खानापूरजवळ माझ्या आजोळी लग्न होतं. ओटीला चुना लावायचं काम माझ्याकडे आलं. छताच्या कोपऱ्यात मातीचं घरटं चिकटलेलं होतं, आडव्या सुरईसारखं. जाळ्या काढायच्या लांब केरसुणीने मी ते पाडलं. आत अंडी नव्हती, म्हणून मला काही वाटलं नाही. आजी मात्र म्हणाली, "अगं, पाकोळीचं घर होतं ते. वळीव पडेपर्यंत आता ती चिखल कुठून आणणार?"

आजीचं नाव चुकलं होतं, बाकी सगळं बरोबर होतं.

आपण दोघींनाही पाकोळीच म्हणतो, पण पाकोळी वेगळी, भिंगरी वेगळी. भिंगरी चिमणीच्या गणातली, तर पाकोळीचं जवळचं नातं हमिंगबर्डशी. दोघींचा धंदा एकच, उडता उडता किडे पकडायचे, म्हणून लांब टोकदार पंख दोघींनाही आहेत. ओळखायची सोपी खूण पायांत आहे. पाकोळीचे पाय इतके तोकडे की तिला तारेवर बसता येत नाही. ती नख्यांनी भिंतीला लटकते. विजेच्या तारेवर ओळीने बसतात त्या भिंगऱ्या.

हिवाळ्यात या ओळींत माळभिंगरी असते. ती हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला घरटं करते, आपल्याकडे थंडी काढायला येते. वजन जेमतेम २० ग्रॅम. १९११ साली इंग्लंडमध्ये पायात कडी घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडली होती!

आमच्या ओटीवरची होती लालबुडी भिंगरी. निळसर काळी पाठ, कमरेवर विटकरी पट्टा, दुभंगलेली शेपटी. ही इथेच पिल्लं वाढवते. नर-मादी दोघंही ओल्या चिखलाच्या गोळ्या चोचीतून आणतात आणि एकावर एक चिकटवतात. एका घरट्याला अशा शेकडो गोळ्या लागतात, म्हणजे तेवढ्याच फेऱ्या. शेवटी बोगद्यासारखं दार काढतात आणि आत पिसांचं अस्तर घालतात. जुनं घरटं शाबूत असेल तर डागडुजी करून पुन्हा वापरतात. मी पाडलं ते तयार घर होतं, आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात नवीन बांधायला चिखलच नव्हता.

स्तोत्रसंहितेच्या ८४ व्या स्तोत्रात भिंगरीला देवाच्या वेदीजवळ घर मिळतं. लहानपणापासून ते ऐकत आलेल्या मी तिला आमच्या ओटीवरही ठेवलं नाही.

अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस रंगकाम थांबवता येतं. शिटेची कटकट वाटत असेल तर घरट्याच्या खाली हातभर अंतरावर एक फळी ठोकावी.

यंदा जूनमध्ये त्याच कोपऱ्यात चिखलाच्या गोळ्यांची एक गोल रांग दिसली. फळी मीच ठोकली. चुना दिवाळीला लावू.