लहान तळे, कडक ऊन आणि मोठा मासा

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदाही आमच्याकडून कामगार कायद्यावरच भाषणाची अपेक्षा केली होती. आम्ही मासे गरवण्यावर बोलणार असे कळवले, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. पंचवीस-तीस वर्षे ज्याने बोनस, ग्रॅच्युइटी आणि बडतर्फी यांखेरीज दुसरा विषय काढला नाही, तो गृहस्थ एकदम गरी घेऊन व्यासपीठावर चढला तर श्रोत्यांनी दचकावे हे साहजिक आहे. परंतु आमचे लहानपण कोकणात खाडीकाठी गेले. शाळा नववीत सुटली, गरवणे काही सुटले नाही. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुतण्याकडे अमेरिकेत, अ‍ॅलाबामा राज्यात, सहा आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा या जुन्या छंदाची शिकवणी नव्याने झाली.

पुतण्याच्या घरामागे एका वृद्ध गृहस्थांची थोडी जमीन आणि एक खाजगी तळे होते. हे गृहस्थ पोलादाच्या कारखान्यात बत्तीस वर्षे राबून निवृत्त झालेले, आणि पोलाद कामगारांच्या युनियनचे जुने सभासद. आम्ही कोण हे कळताच त्यांनी त्यांच्या युनियनच्या रीतीप्रमाणे आम्हांस 'ब्रदर' म्हणून हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तळ्यावर बोलावले. आमचे इंग्रजी पुस्तकातून शिकलेले, त्यांचे दक्षिणेकडचे. पण मासा समोर असला की भाषेची अडचण फारशी राहत नाही.

त्या मुलुखात अशी तळी जागोजाग आहेत. १९३५ साली अमेरिकेत जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारी खाते निघाले, आणि ओघळीवर मातीचा बांध घालून पाणी अडवा असे शेतकऱ्याला सांगितले जाऊ लागले. गुरांना पाणी झाले, माती थांबली, आणि पाणी आहे तर मासे का नकोत, हा प्रश्न ओघानेच आला. आमच्या वृद्ध स्नेह्यांचे तळे एक एकराचे, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीस गुंठ्यांचे, आणि बांधाजवळ सर्वांत खोल म्हणजे दहा फूट. त्यात दोनच जातींचे मासे: तळहाताएवढा चपटा ब्ल्यूगिल, आणि त्याला गिळणारा मोठ्या जबड्याचा बास. आपल्याकडे पंगतीत 'बास' म्हटले की वाढपी थांबतो. हा मासा मात्र कधी बास म्हणत नाही.

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगतो, कारण पुढचे सगळे ज्ञान तिच्यातून आले. तिसऱ्या दिवशी, म्हातारे घरी जेवत असताना, आम्ही भर दुपारी एकटेच गरी टाकून बसलो. विलोच्या झाडाच्या सावलीत एक मोठा बास लागला. दोर बारीक होता, तुटेल म्हणून आम्ही त्याला दहा-बारा मिनिटे खेळवले. वर काढला, जबड्याला धरून उभा लटकवला, पुतण्याच्या मुलाला फोटोसाठी हाक मारली, तो आला, फोटो काढला, आणि मग मासा पाण्यात सोडला. तो गेलाही. संध्याकाळी तो पोट वर करून बांधाशी तरंगत होता. म्हाताऱ्यांनी तो उचलला, तोलला, पावणेसहा पौंड भरला. ते आम्हांस काही बोलले नाहीत. एक जुनी वही उघडून त्यांनी वजन लिहिले आणि मग म्हणाले, "ब्रदर, पाणी तापले की माशाचा श्वास महाग होतो."

या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घेऊ. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो भरपूर विरघळला तरी नऊ मिलिग्रॅमच मावतो, आणि पाणी ३० अंशांवर गेले की साडेसातच. म्हणजे माशाचे आयुष्य मुळातच हातातोंडाशी गाठ असलेले. त्यात मासा थंड रक्ताचा. पाणी तापले की त्याचे शरीर तापते, आणि दहा अंश वाढले की त्याच्या शरीराचा खर्च ढोबळ मानाने दुप्पट होतो. उत्पन्न घटले आणि खर्च दुप्पट झाला, ही अवस्था कामगारवस्तीत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. अशा वेळी गळाला लागून दहा मिनिटे झुंजलेला मासा थकवा भरून काढण्यापुरता श्वास मिळवू शकत नाही. तेव्हा उन्हाळ्यातला पहिला नियम: दोर जाड घ्यावा, म्हाताऱ्यांचा वीस पौंडी होता, मासा झटपट जाळ्यात घ्यावा, गळ पाण्यातच सोडवावा, हात ओले असावेत, आणि उचललाच तर दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन. ज्यांना मासा खायचा आहे त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी तो लगेच मारून बर्फात ठेवावा.

आता मोठा बास उन्हाळ्यात असतो कुठे? आमची समजूत अशी होती की ऊन वाढले की मासा गारव्यासाठी तळाशी जातो. मोठ्या, स्वच्छ, खोल सरोवरात ते बऱ्याच अंशी खरे असेल. लहान तळ्यात ते साफ चुकीचे आहे. म्हाताऱ्यांनी दोरीला उष्णतामापक बांधून आमच्या देखत पाण्यात सोडला. पृष्ठभागावर ३२ अंश, चार फुटांवर ३०, आठ फुटांवर एकदम २२. गरम पाणी हलके, गार पाणी जड. उन्हाळाभर दोन्ही एकमेकांत न मिसळता थरावर थर राहतात. वरच्या थराला वारा लागतो, ऊन लागते, शेवाळ तिथे प्राणवायू तयार करते. खालच्या थरात यांपैकी काही नाही; वरून पडलेला पालापाचोळा आणि मेलेले शेवाळ तिथे कुजते आणि होता तो प्राणवायू संपवते. त्यांनी बूच लावलेली बाटली तळाशी सोडली, दोरीने बूच उपटून ती भरली आणि आमच्या नाकाशी धरली. कुजक्या अंड्यांचा वास! त्या गारव्यात मासा क्षणभर राहू शकत नाही. दहा फुटांच्या तळ्यात उन्हाळ्यात माशाला राहण्यास योग्य अशी जागा वरची पाच-सहा फूटच उरते. सगळी वस्ती त्या वरच्या मजल्यावर दाटलेली. तिथे आमिष तळाशी टाकून बसणारा मनुष्य रिकाम्या खोलीचे दार ठोठावत बसतो.

वरच्या थरात मोठा बास सावली धरून असतो: झुकलेल्या झाडाखाली, लाकडी धक्क्याखाली, पाणवनस्पतींच्या कडेला. गरवणारा मात्र काठावर दाणदाण पाय आपटत येतो आणि मध्यभागी लांब गरी फेकतो. लहान तळ्यात मासा बहुधा त्याच्या पायाशीच असतो, आणि पावलांचा हादरा जमिनीतून पाण्यात पोचला की निघून जातो. म्हातारे काठापासून दहा पावले मागे थांबत, पहिली फेक काठाला समांतर टाकत. त्या वयात ते मांजरासारखे चालत, आणि आमच्या चपलांचा आवाज त्यांना सहन होत नसे.

वेळेबद्दल थोडे. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री तेच घेते. म्हणून तळ्यात प्राणवायू दुपार कलताना सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी. उलट पहाटे पाणी त्यातल्या त्यात गार आणि उजेड मंद, आणि मंद उजेडात दबा धरणे हा तर बासचा धंदा. म्हणजे पहाटेत गुण आहे तसा धोकाही. म्हाताऱ्यांची परीक्षा साधी होती. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. बोटे कोपर बुडता बुडता दिसेनाशी झाली तर पाणी बेताचे हिरवे, पहाटे खुशाल गरवावे. मनगट बुडतानाच दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त. मग सूर्यास्तापासून पूर्ण अंधार होईपर्यंतची वेळ बरी. आणि पहाटे ब्ल्यूगिल पृष्ठभागावर तोंडे काढून हवा पीत असतील तर गरी घरी ठेवावी.

आमिषाविषयी मतभेद पुष्कळ आहेत आणि दुकानदारांना ते हवेच आहेत. आम्ही दोनच वस्तू वापरल्या. अंधारात पाण्यावर खुळखुळत जाणारा काळा लाकडी मासा, आणि दिवसा सावलीत अगदी सावकाश ओढायचा मऊ प्लास्टिकचा वळवळता किडा. हा किडा रबराच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली पत्नीसह स्वयंपाकघरात ओतून तयार केला, हे ऐकून आम्हांस त्याच्याविषयी आपुलकी वाटली. एवढे मात्र खरे की मोठा मासा मोठ्या घासासाठी हलतो. बोटभर आमिषाला बोटभर बासच येतात.

उन्हात मोठा मासा लागत नाही म्हणणाऱ्यांना दोन तारखा सांगाव्या. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या ऐन काळात, जॉर्जियातील माँटगोमेरी सरोवरात जॉर्ज पेरी या गरीब तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो विक्रम ठरला, आणि मासा घरच्यांनी खाल्ला. त्याची बरोबरी झाली ती २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या हातून. दोन्ही तारखा उन्हाळ्याच्याच.

पण खरा मुद्दा गरीचा नाहीच. लहान तळ्यात मोठा मासा असायला तर हवा! आम्ही पहिल्याच आठवड्यात फूटभर लांबीचे सात-आठ बास पकडले आणि सद्‌भावनेने 'वाढू द्या' म्हणून परत सोडू लागलो. म्हाताऱ्यांनी हात धरला. म्हणाले, हे खायला न्या. आम्हांस ते क्रूर वाटले. तेव्हा त्यांनी ऑबर्नच्या स्विंगल यांचे नाव काढले. होमर स्विंगल यांनी १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅलाबामातच लहान तळी बांधून, मासे मोजून सोडून, नंतर तळी रिकामी करून पुन्हा मोजून तोलून पाहिले. त्यांचा समतोलावरचा प्रबंध १९५० साली निघाला. त्यांचे सांगणे असे की ठरावीक सुपीकतेचे तळे ठरावीक वजनाचेच मासे पोसते. ते वजन शंभर माशांत वाटायचे की हजारांत, एवढाच प्रश्न उरतो. एक पौंड बास वाढायला ढोबळ मानाने दहा पौंड लहान मासे खाल्ले जावे लागतात. लहान बासची गर्दी झाली की ते मधल्या आकाराचे ब्ल्यूगिल फस्त करतात, स्वतः फूटभर होऊन तिथेच खुंटतात. डोके मोठे, अंग वाळलेले, आणि वयाने मात्र पाच-सहा वर्षांचे. ज्याला आम्ही पोरगे समजून सोडत होतो तो प्रौढ उपाशी मासा होता. म्हातारे दरसाल एकरी वीस-पंचवीस पौंड असे खुंटलेले बास काढून खात आणि मोठ्या माद्यांना जपत. कारण नर चार-पाच पौंडांपुढे सहसा जात नाही, मोठा बास म्हणजे बहुधा मादीच.

हे ऐकताना आमच्या मनात एक जुनी चीड उसळली, ती लपवत नाही. वाटाघाटींच्या टेबलावर एका व्यवस्थापकाने आम्हांस हेच ऐकवले होते: थाळी एवढीच, माणसे जास्त, काही कमी करा. हा वेतननिधीचा सिद्धांत जुना आहे, आणि खुद्द जॉन स्टुअर्ट मिलने तो १८६९ साली सोडून दिला. आम्ही म्हाताऱ्यांना तसे म्हटले. ते हसले. "तळ्यात मासे उत्पादन वाढवत नाहीत, ब्रदर, आणि सभाही घेत नाहीत. शिवाय थाळी मोठी करायची तर मी तळ्याला खत घालतो. तुझ्या त्या साहेबाने घातले होते का?" माशांचा कायदा माणसाला लावणाऱ्याने आधी आपण मासे पाळतो की माणसे, ते ठरवावे.

आपल्याकडे बास नाही, आणि तो आणूही नये. जपानात १९२५ साली आणला तो तिथल्या देशी माशांच्या मुळावर उठला. पण खुंटण्याचा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. चिलापी लहान तळ्यात सोडली की तिची पैदास बेसुमार होते आणि सगळी बोटभर राहते. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जी तळी झाली, त्यांत मासे सोडणाऱ्यांनी संख्येचा मोह धरू नये. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले तर देवाला नारळ बोलण्याआधी पंप लावून पाणी कारंज्यासारखे उडवावे.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हांस साडेसहा पौंडांची मादी मिळाली. जाड दोरावर, मिनिटभरात, गळ पाण्यातच सोडवून. त्याच रात्री वादळ होऊन गार पाऊस कोसळला. वरचे पाणी गार होऊन जड झाले, खाली गेले, आणि तळाचे कुजके पाणी सगळ्या तळ्यात मिसळले. पहाटे पाचला पाहतो तो पृष्ठभागावर शेकडो तोंडे. म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टरला पंप जोडला, आम्ही नळी धरली, आणि दुपारी बारापर्यंत पाणी हवेत उडवत राहिलो. ब्ल्यूगिल बहुतेक वाचले. अशा वेळी मोठे मासे आधी जातात; बांधाशी एक मादी मेलेली मिळाली, सव्वासात पौंडांची. म्हाताऱ्यांनी तिचा जबडा उघडून पाहिला. गळाची खूण नव्हती. वहीत त्यांनी तारीख, पाऊस आणि वजन लिहिले, आणि पंप अजून तासभर चालू ठेवू या म्हणाले.