काळ्या पाषाणाखालचा पुरातन पाया

महाराष्ट्राची भूमी म्हटली की सह्याद्रीचे कडे, सपाट माथ्याचे डोंगर आणि कापसाची काळी जमीन यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ते स्वाभाविकही आहे. राज्याच्या सुमारे ३ लक्ष ८ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी चार पंचमांशांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाने, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तो निर्माण झाला. सर्वसामान्य माणसाला हा काळ अतिप्राचीन वाटेल. परंतु भूवैज्ञानिकांच्या हिशेबात हा पाषाण तरुणच होय. तो ज्या पायावर पसरला आहे, तो पाया त्याहून तीस ते पन्नास पट जुना आहे.

हा पाया पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नागपूर शहरातील सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची आहे. तेथून आगगाडीने पूर्वेस गोंदियाकडे निघालेल्या प्रवाशाला थोड्याच वेळात देखावा पालटलेला दिसतो. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर मागे पडतात. भाताची खाचरे, तलाव, गोलसर टेकड्या आणि मधूनच डोके वर काढणारे करडे-गुलाबी कातळ दिसू लागतात. या कातळांवर फिकट आणि गडद रंगांचे पट्टे एकाआड एक असतात. म्हणूनच त्यांना पट्टिताश्म म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील आमगावचे नाव भूविज्ञानाच्या ग्रंथांत आले आहे ते याच खडकामुळे. लाव्हारसाचे पांघरूण पूर्वेकडे विरत जाते आणि त्याखालची जमीन तेथे उघडी पडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे, चंद्रपूरचा बराच भाग आणि दक्षिणेस कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही पट्टे मिळून राज्याचा हा उघडा पाया होतो.

ढालप्रदेश म्हणजे काय?

खंडांच्या अंतर्भागात असे अतिप्राचीन, कठीण खडकांचे विस्तीर्ण प्रदेश असतात. त्यांचा आकार मध्यभागी किंचित फुगीर, पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा असल्याने ऑस्ट्रियातील भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस याने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात त्यांना ढाल हे नाव दिले. कॅनडा, स्कँडिनेव्हिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया येथे असे ढालप्रदेश आहेत. भारताचे द्वीपकल्पही त्याच जातीचे आहे.

या खडकांचा काळ कँब्रियनपूर्व म्हणून ओळखला जातो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म खडकांत विपुल प्रमाणात सापडू लागतात, त्या कँब्रियन काळाचा आरंभ सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी झाला. त्याच्या आधीचा सर्व काळ कँब्रियनपूर्व होय. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाची आठ पाने मानली, तर सात पाने या एकाच नावाखाली येतात! शंखशिंपल्यांच्या साह्याने या खडकांचा क्रम लावता येत नसल्याने त्यांच्या वयाविषयी पूर्वी केवळ तर्कच करता येत असे. किरणोत्सर्गाचा शोध लागल्यानंतर ही अडचण दूर झाली. ग्रॅनाइटासारख्या खडकांत झिर्कॉन नावाच्या खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक असतात. त्यांत अडकलेले युरेनियम ठरावीक गतीने शिशात रूपांतरित होत राहते. त्याच्या एका प्रकाराचे निम्मे शिसे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. स्फटिकातील युरेनियम व शिसे यांचे प्रमाण मोजले की खडकाच्या जन्माचा दाखलाच हाती येतो. या रीतीने बस्तरच्या भागातील काही खडकांचे वय सुमारे ३५० कोटी वर्षे आणि गोव्याच्या सीमेवरील अनमोड घाटातील खडकाचे सुमारे ३४० कोटी वर्षे असल्याचे आढळले आहे.

एकसंध शिळा नव्हे, गोधडी

ढाल या शब्दामुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला. द्वीपकल्प म्हणजे अखंड, निश्चल शिळा आहे, अशी समजूत शालेय पुस्तकांतूनही दीर्घकाळ चालत आली. वस्तुस्थिती तशी नाही. द्वीपकल्पाचा पाया अनेक तुकडे एकमेकांस जोडून तयार झाला आहे. घरातील गोधडीची उपमा त्यास अधिक शोभेल. महाराष्ट्राच्या पूर्वेचा भाग हा बस्तर नावाच्या तुकड्याचा आहे. दक्षिणेकडील भाग कर्नाटकात पसरलेल्या धारवाडच्या तुकड्याचा आहे. उत्तरेस, सातपुड्यापलीकडे, बुंदेलखंडाचा तुकडा आहे.

प्रत्येक तुकडा प्रथम स्वतंत्रपणे घडला. पृथ्वीचे अंतरंग तेव्हा आजच्यापेक्षा बरेच उष्ण होते. वितळलेला रस वर येऊन थिजे, पुन्हा खाली दाबला जाऊन वितळे, आणि त्यातील हलका अंश कवचाच्या वरच्या बाजूस साचत जाई. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी बस्तरच्या तुकड्यात ज्वालामुखींचे मोठे उद्रेक झाले आणि ग्रॅनाइटाचे प्रचंड साठे आत घुसले. गोंदियाच्या पूर्वेस छत्तीसगडमधील डोंगरगडची बम्लेश्वरीची टेकडी ज्या प्रदेशात आहे, त्या प्रदेशातील ग्रॅनाइट याच काळातला. त्यानंतर हे तुकडे भूपट्टांच्या हालचालींमुळे एकमेकांजवळ सरकले, आदळले आणि सांधले गेले. उत्तरेकडील सांधा सातपुड्याच्या दिशेने पूर्व-पश्चिम जातो. तो नेमका केव्हा पक्का झाला याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या उष्णतेच्या व दाबाच्या खुणा मात्र तेथील खडकांवर स्पष्ट उमटलेल्या आहेत. बस्तर आणि धारवाड यांच्यामधील सांधा गोदावरीच्या खोऱ्यातून जातो. कोट्यवधी वर्षांनी तो पुन्हा उसवला, तेथे लांबट खोलगट द्रोणी निर्माण झाली आणि तिच्यात वनस्पतींचा गाळ साचून चंद्रपूर, बल्लारपूर, वणी येथील कोळसा तयार झाला. जुना सांधा हा असा नवा ताण आला की प्रथम हलतो. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सांध्यालगतची संपत्ती

सातपुड्याच्या दक्षिण कडेस नागपूर व भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांतून मँगनीजाचा पट्टा गेला आहे. एके काळी तेथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू, चिखल आणि चुन्याबरोबर मँगनीजयुक्त गाळ साचला. पुढे तुकड्यांच्या टकरीत हा सारा गाळ दाबला गेला, तापला आणि त्याचे रूपांतर झाले. चुन्याचा संगमरवर झाला, चिखलाचा अभ्रकयुक्त खडक झाला, आणि मँगनीजयुक्त गाळातून गारगोटी व मँगनीजयुक्त गार्नेट यांचा एक आगळा खडक बनला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ल्युइस फर्मर याने मँगनीजावरील आपला बृहद्ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. या खडकाला त्याने त्या भूमीतील गोंड लोकांवरून गोंडाइट असे नाव दिले. जगाच्या पाठीवर कोठेही असा खडक सापडला की हेच नाव वापरले जाते.

येथील उत्खननाचा इतिहास १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश व्यापारी मंडळापासून सुरू होतो. १९६२ मध्ये त्याचे सरकारी सहभाग असलेल्या कंपनीत रूपांतर झाले आणि तिचे मुख्यालय नागपूरला आले. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही खाणींची गावे सर्वांना ठाऊक आहेत. येथील धातुकाचा थर घडी घातलेल्या कापडासारखा दुमडलेला असतो. एका जागी तो एकाएकी संपतो, तर काही अंतरावर पुन्हा वर येतो. खाणीचा आराखडा आखणाऱ्यास १०० कोटी वर्षांपूर्वीची ती टक्कर समजून घ्यावीच लागते.

लोखंडाची कथा थोडी निराळी. गडचिरोलीतील सुरजागडचे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याचे साठे प्रसिद्ध आहेत. लोहाऱ्याविषयीचा रिटर फॉन श्वार्ट्झ याचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि भारतात पोलादाचा कारखाना काढण्याचा त्यांचा विचार तेथून बळावला. जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयुक्त ठरला नाही. अन्यथा भारतीय पोलादाचा इतिहास कदाचित चांदा जिल्ह्यातच घडला असता.

विहिरीच्या तळाशी

पंचायतींच्या दृष्टीने धातूंपेक्षा पाण्याचा प्रश्न निकडीचा. पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट यांना स्वतःची अशी सच्छिद्रता जवळजवळ नसते. वरचा कुजलेला खडक, ज्याला सर्वत्र मुरूम म्हणतात, तेवढाच काय तो पाणी धरतो. त्याखाली केवळ भेगांतून पाणी वाहते, आणि खोल जावे तशा या भेगा बहुधा कमी व अरुंद होत जातात. म्हणूनच एका शेतातील विहिरीस भरपूर पाणी लागते आणि शेजारच्या शेतात कोरडा खड्डा उरतो. हा दैवाचा भाग नसून भेगांच्या दिशेचा आहे. खडकात भिंतीसारखे उभे घुसलेले काळे पट्टेही जमिनीखालचे पाणी अडवितात. अशा भिंतीच्या चढाकडील विहीर भरलेली आणि उताराकडील आटलेली असू शकते.

पूर्व विदर्भातील जुन्या पिढ्यांनी हे भूविज्ञानाची परिभाषा न वापरताही ओळखले होते. जमिनीत पाणी मुरत नाही, तर ते वरच अडवावे, या न्यायाने गोंड राजवटीत कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मालगुजारी नष्ट झाल्यावर हे तलाव माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. धानाच्या शेतीचा तो आजही मोठा आधार आहे. अनेकांत गाळ साचून त्यांची साठवण घटली आहे. मात्र त्यांच्या जागांची निवड आजच्या अभियंत्यासही वाखाणावी लागते.

तलाव दुर्लक्षिले गेले तशा विंधणविहिरी वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर एक न दिसणारे संकट आले. ग्रॅनाइटातील काळे अभ्रक, अॅपेटाइट, फ्लोराइट या खनिजांत फ्लोरीन असते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे तर फ्लोराइटचा साठाच आहे. खोल भेगांतील पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहते आणि फ्लोराइड विरघळवून घेते. पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम जास्त असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. पिण्याच्या पाण्यात ते एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट, आणि दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालण्यासारखे, असे भारतीय मानक आहे. त्यावरचे पाणी वाढत्या वयाच्या मुलांनी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात व ते पुढे जात नाहीत. प्रमाण फारच अधिक असेल तर मोठ्या माणसांची हाडे व सांधे आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना हा अनुभव आला आहे. शाळेत एकाच वर्गातील अनेक मुलांचे दात तसे दिसले, तर शिक्षकाने तो दात न घासण्याचा परिणाम समजू नये. प्रथम गावच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. असे पाणी उकळून काही उपयोग होत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. उथळ विहीर किंवा तलावाचे शुद्ध केलेले पाणी हा बहुधा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

पांघरुणाखालची हालचाल

काळ्या पाषाणाच्या मुलखातील लोकांना या पायाशी आपला संबंध नाही असे वाटणे शक्य आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपांनी तो संबंध दाखवून दिला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती फार नव्हे. परंतु केंद्र उथळ होते, लोक झोपेत होते, आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद असलेली घरे क्षणार्धात कोसळली.

त्यानंतर किल्लारीस छिद्र घेण्यात आले. काळ्या पाषाणाची जाडी तेथे अवघी ३३८ मीटर भरली. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली कँब्रियनपूर्व काळाचा पाया. कोयना परिसरात केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ प्रयोगशाळा उभारून गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले. तेथे काळा पाषाण १,२४७ मीटरवर संपला आणि ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले. आमगावच्या शेतात उघड्यावर दिसणाऱ्या खडकांचेच हे पश्चिमेकडील भाऊबंद. दोन्ही ठिकाणचे भूकंप लाव्हारसाच्या थरांत नव्हे, या जुन्या पायात उद्भवले. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयावर रेटत आहे. हा ताण सबंध द्वीपकल्पात पसरतो आणि पायातील जुन्या, कमकुवत भेगांवर येतो. कोयनेच्या बाबतीत १९६२ पासून साठविलेल्या जलाशयाच्या पाण्याचाही या भेगांवर परिणाम होतो, असे अभ्यासांती मानले जाते.

अशा भेगा वरून दिसत नाहीत आणि दोन धक्क्यांमध्ये कित्येक पिढ्या जाऊ शकतात. १९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. २००२ साली भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा हा पहिला विभागच नकाशावरून काढून टाकण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.